मदत हवी आहे: जुनी सागवानी आरामखुर्ची घ्यावी का?

नमस्कार मंडळी. रविवारी जोगेश्वरीला ओशिवराच्या जुन्या फर्निचर बाजारात गेले होते. तिथे एक आरामखुर्ची मनात भरली. वेताची बैठक आणि पाय पसरायला हातांखालून बाहेर फिरणाऱ्या लांब फळ्या. आजोबांच्या ओटीवर अगदी अशीच होती, ती वाटण्यांत गेली.

दुकानदार बर्मा सागवान म्हणतो. खुर्ची चांगलीच जड आहे, पण गडद पॉलिशखाली लाकडाच्या रेषा दिसतच नाहीत. उलटी करून पाहिली तर मागच्या पायाला टाचणीच्या टोकाएवढी सात-आठ भोकं. बोटाने टकटक केलं आणि पिठासारखा पिवळट भुसा तळहातावर पडला. तो म्हणाला, "जुनी कीड आहे ताई, मेलेली." मला मात्र ताजा भुसा म्हणजे कीड जिवंत, असंच वाटतं. शिवाय अस्सल सागाच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही ना? मग पाय नंतर दुसऱ्या लाकडाचा बसवला असेल का?

घरात बाकीचं लाकूडकाम आहे, म्हणून धास्ती वाटते. औषध मारून अशी खुर्ची कुणी वाचवली आहे का? आणि ठाणे-डोंबिवलीकडे वेत विणणारा चांगला कारागीर कुठे मिळेल? शनिवारपर्यंत दुकानदाराला कळवायचं आहे.