मदत हवी आहे: अपघातात डोक्याला मार लागलेल्या मिस्टरांची घरी काळजी (नाशिक). सुधारणा थांबली का?

गोदाकाठ

नमस्कार. मिस्टरांचं वय 41. मुंबई-आग्रा हायवेवर टेम्पोने बाईकला धडक दिली, त्याला आता पाच महिने होऊन गेले. मेंदूच्या उजव्या बाजूला, कपाळामागे रक्तस्राव झाला होता. ऑपरेशन करून कवटीचा तुकडा काढून पोटात ठेवला होता, तो मागच्या महिन्यात परत बसवला. फिट एकदाही आलेली नाही, तरी लेव्हेटिरासिटाम 500 सकाळ-संध्याकाळ चालू आहे. आम्ही सिडकोत राहतो, घरी फिजिओथेरपिस्ट येतात. डावा हात कमजोर आहे, आधाराने चालतात.

संध्याकाळ झाली की चिडचिड सुरू होते, ताट ढकलून देतात आणि नंतर त्यांना काही आठवत नाही. बाकी दिवसभर नुसते बसून असतात. अंघोळीला चारदा सांगावं लागतं, "हो" म्हणतात पण उठत नाहीत. पहिल्या तीन महिन्यांत रोज काहीतरी नवीन जमायचं. आता सगळं जागच्या जागी आहे, उलट गेले दोन आठवडे पाय घासत चालतात आणि मध्येच कपड्यांत लघवी होते. घरचे म्हणतात, आता एवढंच राहणार, मन घट्ट कर.

मला खोटा धीर नको आहे. आशा ठेवायची तर कशावर ठेवायची, आणि आज घरात नेमकं काय करायचं, हे जाणकारांनी सांगावं. ते अंबडच्या एका कंपनीत कामाला होते. कागदपत्रांचं काय करावं लागतं तेही सांगा.

मज्जातंतू

ताई, पाय घासण्याचं आणि लघवीचं तुम्ही ओघात लिहिलेलं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. आधी सुधारत असलेला माणूस पाय घासायला लागला, लघवीवरचा ताबा गेला आणि सुस्तावला, तर त्याला "सुधारणा थांबली" म्हणू नका. मेंदूच्या पोकळ्यांत पाणी साठतंय का, हे आधी बघावं लागतं. याला हायड्रोसेफॅलस म्हणतात. कवटीचा तुकडा काढलेल्या रुग्णांत तो जास्त आढळतो आणि कित्येक महिन्यांनीही होऊ शकतो. उद्या सकाळीच न्यूरोसर्जनना फोन करा आणि ही तिन्ही लक्षणं कधीपासून आहेत ते तारखेसकट सांगा. सीटी स्कॅनला जाताना जुन्या फिल्म किंवा सीडी न्या, कारण पोकळ्या वाढल्या की नाही हे आधीच्या चित्राशी ताडूनच कळतं. सोबत लघवीची तपासणी आणि रक्तातलं सोडियमही करून घ्या, कधी कधी साधा जंतुसंसर्गही असंच रूप घेतो. पाणीच साठलेलं निघालं, तर डोक्यातून पोटापर्यंत बारीक नळी टाकतात, तिला शंट म्हणतात. त्यानंतर चालणं पुष्कळदा सुधारतं. उलट्या, वाढती झोप किंवा खूप डोकेदुखी सुरू झाली, तर ओपीडीच्या वेळेची वाट न बघता 108 ला फोन करा.

दुसरी गोष्ट गोळीची. लेव्हेटिरासिटामने काही रुग्णांत चिडचिड आणि राग वाढतो, हा त्या औषधाचा माहितीतला दुष्परिणाम आहे. फिट न आलेल्यांना प्रतिबंधक गोळी साधारण पहिल्या आठवड्यापुरती लागते, पण डॉक्टर काही कारणाने ती पुढेही ठेवतात. म्हणून न्यूरोलॉजिस्टना सरळ विचारा: ही अजून का चालू आहे, आणि बदलता येईल का? स्वतःहून मात्र एकही डोस बंद करू नका, एकदम थांबवल्याने फिट येऊ शकते. आणि कधी फिट आलीच तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळ बघा. 5 मिनिटांत थांबली नाही तर 108.

तिसरी गोष्ट, डोक्याच्या मारानंतर पिट्युटरी ग्रंथी (मेंदूच्या तळाशी असलेली, हार्मोन्स सांभाळणारी) मंदावू शकते, आणि त्यामुळे येणारा थकवा बघणाऱ्याला आळस वाटतो. सकाळी 8 च्या सुमारास रक्तातलं कॉर्टिसॉल हे हार्मोन, आणि थायरॉइडच्या टीएसएच तपासणीबरोबर फ्री टी4 करायचं का, ते डॉक्टरांना विचारा. नुसतं टीएसएच अशा वेळी नॉर्मल दिसून फसवतं.

आता घरातलं. "हो" म्हणून न उठणं हा हट्ट नाही. कपाळामागचा भाग काम सुरू करून देतो, त्यालाच मार बसलाय. आणि "अंघोळ करा" यात आठ-दहा कामं दडलेली असतात. एका वेळी एकच सांगा. बोलण्याऐवजी टॉवेल उजव्या हातात द्या, मनात दहापर्यंत मोजा, मग "उभे राहा" एवढंच म्हणा. रोज तीच वेळ, तोच क्रम. उठवताना डावा हात धरून ओढू नका, कमजोर खांदा निखळतो. कमरेला रुंद पट्टा बांधून त्याला धरा.

ताटाकडेही नीट बघा. उजव्या मेंदूला मार असला की डावी बाजू नजरेतूनच निसटते. डावीकडची भाजी तशीच राहते का? राहत असेल तर ताटाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावा आणि "लाल पट्टी शोधा" म्हणा. वाट्या कमी करा, आधी वरण-भात, तो संपला की पोळी-भाजी.

संध्याकाळचा राग बहुतेक थकव्याचा असतो. दुपारी 3 च्या सुमारास अर्धा तास अंधाऱ्या खोलीत विश्रांती, आणि जेवताना टीव्ही, मिक्सर, पाहुणे काही नको. भडकले की समजावत बसू नका, त्या घडीला ते डोक्यात शिरत नाही. "पाणी आणते" म्हणून दहा मिनिटं बाजूला व्हा. नंतर वहीत लिहा: किती वाजता, त्याआधी काय झालं, झोप किती, पोट साफ होतं का. आठवडाभरात काहीतरी साचा दिसतो. गोळीची शंका डॉक्टरांपुढे मांडायलाही हीच वही कामी येते.

कोर्टाचीपायरी

कागदांचं सांगतो. टेम्पोवाल्याच्या विम्याविरुद्ध मोटार अपघात दावा अपघातापासून 6 महिन्यांच्या आत दाखल करायचा असतो, 1 एप्रिल 2022 पासून कायद्यात ही मुदत आहे. तुमच्याकडे थोडेच दिवस आहेत, याच आठवड्यात वकील गाठा. एफआयआर, पंचनामा, डिस्चार्ज समरी, बिलांच्या मूळ प्रती आणि पगारपत्रकं न्या. मिस्टरांना समजून सही करता येत नसेल, तर त्यांच्या वतीने तुम्ही दावा कसा लावायचा ते वकील सांगतील. कोणी काहीही सांगो, अशा अवस्थेत त्यांच्याकडून मुखत्यारपत्रावर सही घेऊ नका, ते टिकत नाही.

पगारातून ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) कापला जात होता का, बघा. कामावर जाता-येताना झालेला अपघातही कामावरचा धरला जाऊ शकतो. कंपनीने अपघाताचा अहवाल पाठवला का, हे लेखी विचारा आणि पोच घ्या. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी यूडीआयडी (अपंगांचं सरकारी ओळखपत्र) पोर्टलवर अर्ज करून त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. बहुतेक सवलतींना किमान 40 टक्के लागतात. नुसता हात दाखवून येऊ नका, स्मरण आणि वागणुकीबद्दल न्यूरोलॉजिस्टचं पत्रही जोडा, नाहीतर टक्केवारी फक्त हाताचीच लागते.

गोदाकाठ

मज्जातंतू, फोन केला, उद्याची वेळ मिळाली. डावीकडची भाजी खरंच राहते, मला वाटायचं आवडत नसेल. वकिलांकडेही जाते. एकच राहिलं: सुधारतंय की नाही हे ओळखायचं कसं? रोज बघून मला काहीच कळेनासं झालंय.

मज्जातंतू

ताई, रोज बघणाऱ्याला फरक दिसत नाही, म्हणून मोजायचं. पॅसेजमध्ये जमिनीवर 5 मीटरच्या दोन टोकांना चिकटपट्टी लावा आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर चालायला किती सेकंद लागतात ते लिहा. अंघोळीच्या पायऱ्या कागदावर मांडा: टॉवेल घेणं, मोरीपर्यंत जाणं, बनियन काढणं, असं. प्रत्येक पायरीला किती वेळा सांगावं लागलं त्याचा आकडा लिहा. मला विचाराल तर हा आकडा सगळ्यात बोलका असतो. चारचे दोन झाले ही खरी सुधारणा आहे, बाहेरून ती दिसत नसली तरी. सलग तीन दिवस न सांगता जमलं की त्या पायरीचं सांगणं बंद करा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याच वेळी मोजा आणि तुलना मागच्या महिन्याशी करा, अपघाताआधीच्या माणसाशी नको. ताप, बद्धकोष्ठता किंवा जागरण असेल त्या दिवशी मोजू नका.

पहिले सहा महिने वेग जास्त असतो, हे खरं. पण पुढे दोन वर्षं आणि त्यानंतरही नवीन गोष्टी जमत जातात, फक्त त्या सरावाने येतात, आपोआप नाही. स्वभाव मात्र पूर्ण पूर्वीसारखा होईलच असं सांगता येत नाही. समोर बसलेल्या माणसाची आठवण येऊन रडू येणं यात काही चुकीचं नाही. 14416 हा टेली मानस या सरकारी मानसिक आधार सेवेचा मोफत नंबर आहे, मराठीत आणि रात्रीसुद्धा बोलता येतं. घरातल्या एकाला अंघोळीचं काम तुमच्या क्रमासकट पूर्ण शिकवा, म्हणजे आठवड्यातून दोनदा तरी तुम्हाला घराबाहेर पडता येईल.

सीटीचा निकाल आला की इथे लिहा. शंटची गरज नाही म्हणाले, तर पुढचा टप्पा म्हणून मुंबईला हाजीअलीची एआयआयपीएमआर ही केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, तिथे ऑक्युपेशनल थेरपीही, म्हणजे रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारी थेरपी, होते. पंचवटी एक्सप्रेसने दादरला उतरून टॅक्सी करा. आधी फोन करून ओपीडीचा वार विचारा, आणि फिल्म, डिस्चार्ज समरी, गोळ्यांची यादी व ती रागाची वही सोबत ठेवा.