मदत हवी आहे : मानेतील गाठ तीन मिलिमीटरने वाढली, आता थांबावे का?

फोंडेकर : माझ्या आईच्या मानेत उजव्या बाजूला गाठ आहे. ताज्या एमआरआयच्या अहवालात 24 मिमी लिहिले आहे, पूर्वी 21 होते. डॉक्टर सहा महिन्यांनी पुन्हा पाहू म्हणतात. आई म्हणते, चवथीपूर्वी काय ते होऊन जाऊ दे. शस्त्रक्रियेचा आग्रह धरावा का? कृपया लवकर सांगा.

डिचोलीकर : गाठ लाळग्रंथीची, थायरॉइडची की आणखी कसली? आणि ‘पूर्वी’ म्हणजे केव्हा?

फोंडेकर : क्षमस्व. कॅरोटिड बॉडी ट्यूमर, म्हणजे पॅरागँग्लिओमा. पहिला एमआरआय 2021 चा, दुसरा 2023 चा, हा तिसरा. 21 हा आकडा दुसऱ्यातला.

साष्टीची सून : माझ्या सासूबाईंची हीच गाठ काढली. आवाज काही महिने बसला होता, पण डोक्यावरचे ओझे उतरले. काढून मोकळे व्हा.

मांडवीकाठ : ताई, आवाज बसला हे तुम्ही एका वाक्यात संपवलेत, पण प्रश्न नेमका तिथेच आहे. ही गाठ मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमनीला जिथे दोन फाटे फुटतात तिथे बसते आणि आवाजाच्या व गिळण्याच्या नसा तिला लागूनच असतात. ती सहसा वर्षाला सुमारे एक मिलिमीटर वाढते. काहींची वर्षानुवर्षे हलतही नाही.

साष्टीची सून : आणि धमनीला विळखा घालीपर्यंत थांबल्यावर शस्त्रक्रिया सोपी होते का?

मांडवीकाठ : नाही, अवघड होते, हे मान्य. म्हणूनच वाढ खरी आहे की नाही, हे आधी ठरले पाहिजे.

पेडणेकर : सुईने तपासणी करून घ्या, म्हणजे निकाल लागेल.

डिचोलीकर : कृपया असा सल्ला देऊ नका. ही गाठ रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली असते, सुई टोचल्यास रक्तस्रावाचा धोका असतो. निदान एमआरआयवरूनच होते. त्यापेक्षा मेटानेफ्रिनची तपासणी (गाठ रक्तदाब वाढवणारी संप्रेरके सोडते का, हे पाहणारी) आणि जनुक-तपासणी झाली आहे का, ते विचारा, कारण हा आजार काही घराण्यांत चालत येतो.

म्हापशेकार : गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या (आरोग्यविम्याच्या) कार्डाची मुदत तपासली का?

जुना तंत्रज्ञ : कार्ड नंतर पाहू. मी तीस वर्षे स्कॅनच्या यंत्रावर काढली आहेत. एकच गाठ दोघांनी मोजली तरी एक-दोन मिलिमीटरचा फरक पडतो आणि स्कॅनमधले काप, म्हणजे थराथराने घेतलेली चित्रे, जाड घेतले असतील तर तो आणखी वाढतो. उलट, गाठ तिन्ही दिशांनी 21 वरून 24 वर गेली असेल, तर आकारमान जवळजवळ दीडपट झाले, म्हणून तीन मिलिमीटर हसण्यावारीही नेऊ नयेत. अहवालातला आकडा आडव्या कापातला की उभ्या, ते पाहा, आणि तुलना केवळ मागच्या स्कॅनशी न करता पहिल्याशीही करायला सांगा; दर वेळी ‘किंचित वाढ’ असे वाचत गेल्यास एकूण वाढ नजरेतून निसटते.

फोंडेकर : पाहिले. 24 ही उभी लांबी आहे. आडवी रुंदी 21.5 दिली आहे. 2023 चा 21 आडवा होता आणि 2021 चा आडवा 20. आम्ही उगाच रात्री जागवल्या! मात्र 2021 ची सीडी आईच्या कपाटात साड्यांखाली मिळाली, तिच्यावर पांढरी बुरशी आली आहे.

जुना तंत्रज्ञ : आपल्याकडच्या पावसाळ्यात ते होतेच. मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवू नका. उघडली नाही तर स्कॅन झाला तिथे साठवणीतली प्रत मागा आणि तिन्ही स्कॅन एकाच रेडिओलॉजिस्टकडून शेजारी शेजारी ठेवून मोजून घ्या. तोवर चवथ करा.