फायर वॉर्डन झाले आहे, पण अलार्म वाजला तरी लोक जागचे हलत नाहीत

पाचवा_मजला:

नमस्कार मंडळी. नुकतीच माझ्याकडे आमच्या मजल्याची फायर वॉर्डन म्हणून जबाबदारी आली आहे. चमकतं जॅकेट, शिट्टी आणि मजल्याचा नकाशा मिळाला. प्रशिक्षण अजून व्हायचंय. मी अकाउंट्समध्ये काम करते, या विषयाशी आधी कधी संबंध आलेला नाही. पण काम घेतलंय तर मनापासून करायचंय, म्हणून इथे विचारते.

परवा ड्रिल झाली. अलार्म सुरू झाल्यावर सगळ्यांनी आधी एकमेकांकडे पाहिलं. "ड्रिलच असेल," म्हणून काही जण मेल पूर्ण करत बसले. काही जण लॅपटॉप, चार्जर, बाटली असं सगळं बॅगेत भरायला लागले. विभागप्रमुख काचेच्या खोलीत कॉलवर होते, त्यांनी आतूनच "तुम्ही व्हा पुढे" अशी खूण केली. मी शिट्टी वाजवत फिरत होते, तरी मजला रिकामा व्हायला फार वेळ लागला. आमचा एक सहकारी व्हीलचेअर वापरतो. त्याला कोणीतरी "तू थांब, ड्रिलच तर आहे" म्हणालं आणि तो एकटाच वर राहिला. हे मला फार लागलंय.

लोकांना उठवायचं कसं? वरिष्ठांना काय सांगायचं? आणि या सहकाऱ्यासाठी काय करायला हवं?

जिन्याकडे_चला:

ताई, ऑफिसच्या इमारतींमध्ये ड्रिल घेणं हेच माझं काम आहे, आणि तुम्ही सांगितलेलं दृश्य मी जवळपास प्रत्येक इमारतीत पाहतो. तुमचे सहकारी बेफिकीर आहेत असं समजू नका. प्रत्येक जण शेजाऱ्याच्या चेहऱ्यावरून अंदाज घेतो, आणि शेजारीही तेच करत असतो.

यावर एक प्रसिद्ध प्रयोग आहे. बिब लाटाने आणि जॉन डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी तो १९६८ साली प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एका खोलीत फॉर्म भरायला बसवलं आणि भिंतीतल्या झरोक्यातून धूर सोडला. खोलीत एकटे असलेल्यांपैकी ७५ टक्के जणांनी बाहेर येऊन धुराची खबर दिली. सोबत मुद्दाम शांत बसवलेली दोन माणसं असली, की खबर देणारे राहिले फक्त १० टक्के. धूर डोळ्यांना दिसत असताना ही गत. अलार्म तर नुसता आवाज आहे.

म्हणून शिट्टीवर फार विसंबू नका, तोही आणखी एक आवाजच. माणसाजवळ जा, नाव घ्या आणि थेट सांगा: "उठा. डाव्या जिन्याने खाली चला. बॅग राहू द्या." आर्जव नको, "बहुतेक जावं लागेल" तर नकोच. आणि एक गोष्ट आजच करा. प्रत्येक रांगेतला एक माणूस हेरून ठेवा आणि त्याच्याशी ठरवा, की अलार्म वाजताक्षणी तो उठून चालायला लागेल, मागे वळून बघणार नाही. एक उठला की रांग उठते. ज्या सवयीमुळे लोक बसून राहतात, तीच मग आपल्या उपयोगी पडते.

वरिष्ठांशी बोलायचं ते ड्रिलच्या आधी, अलार्म वाजत असताना नाही. रिक रेस्कोर्ला यांचं उदाहरण सांगा. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या दक्षिण मनोऱ्यात मॉर्गन स्टॅनलीच्या सुरक्षेची जबाबदारी त्यांच्याकडे होती. १९९३ च्या बॉम्बस्फोटानंतर त्यांनी नियमित ड्रिल लावून धरली. मोठमोठ्या अधिकाऱ्यांनाही फोन ठेवून जिन्याने उतरावं लागे, आणि त्यावर कुरकुरही होत असे. ११ सप्टेंबर २००१ ला शेजारच्या मनोऱ्यावर विमान आदळलं, तेव्हा यांच्या इमारतीत "जागेवरच थांबा" अशी घोषणा होत होती. रेस्कोर्लांनी ती मानली नाही, माणसं खाली काढायला सुरुवात केली. सुमारे २,७०० कर्मचाऱ्यांपैकी जवळजवळ सगळे वाचले. राहिलेल्यांना शोधायला ते स्वतः परत वर गेले आणि त्यात त्यांचा जीव गेला. कॉलवर असलेल्या माणसाला क्लायंटला एवढंच सांगायचं असतं, की अलार्म वाजतोय, बाहेर पडून फोन करतो. त्यावर कोणता क्लायंट चिडेल?

मजला तपासताना स्वच्छतागृहं, फोन बूथ, सर्व्हर रूम आणि हेडफोन लावून बसलेले लोक हमखास सुटतात. खोली रिकामी दिसली की दार ओढून घ्या, कुलूप लावू नका. हे सगळं तुमच्या बाहेर पडायच्या वाटेवरच. धूर दिसला तर तपासणी तिथेच सोडा, खाली या आणि काय राहिलं ते सांगा.

आता ज्याने माझा खरंच संताप होतो ते. जिन्याचं जड, आपोआप बंद होणारं दार पाचर किंवा कचऱ्याचा डबा लावून उघडं ठेवलेलं असतं, हवा खेळावी म्हणून. आगीत बहुतेक माणसं ज्वाळांनी जात नाहीत, धुराने जातात, आणि जिन्यात धूर शिरू नये यासाठीच ते दार असतं. तुमच्या मजल्यावर असं असेल तर डबा आजच काढा.

अग्निशामक सिलिंडरबद्दल थोडक्यात सांगतो. ऑफिसमधला छोटा सिलिंडर १० ते २० सेकंदांत संपतो. कचऱ्याच्या टोपलीएवढी आग असेल, अलार्म दिला गेला असेल, वापरायचा सराव असेल आणि पाठीमागे बाहेरची वाट मोकळी असेल, तरच हात घाला. नाहीतर दार बंद करून निघा. वायरिंगच्या किंवा मशीनच्या आगीवर पाणी नको, तिथे कार्बन डायऑक्साइडचा वापरतात; त्याचं नरसाळं हाताने धरू नका, गारठ्याने कातडी भाजते. या सिलिंडरवर दाबाचा काटा नसतो, त्यामुळे तो भरलेला आहे का हे वजन करूनच कळतं. पावडरच्या सिलिंडरवर काटा असतो, तो हिरव्या पट्ट्यात हवा.

चाकांवर:

मी स्वतः व्हीलचेअर वापरते, त्यामुळे तुमच्या शेवटच्या प्रश्नाला मीच उत्तर देते.

आधी त्याला विचारा. आज, शांतपणे, चहूबाजूंनी लोक ऐकत नसताना. काही जण आधार मिळाला तर जिना उतरू शकतात, काहींना अजिबात जमत नाही. मला काखेत हात घालून उचललं की खांदा निखळतो, हे मला बघून कोणाला कळणार? प्रत्येकाची योजना वेगळी असते. ती कागदावर हवी आणि त्याच्या संमतीने हवी.

इमारतीत जिना उतरवायची खुर्ची आहे का ते शोधा. असली तर कपाटामागे पडलेली असेल, आणि ती वापरता येणारं कोणी नसेल. दोन माणसं नेमा, शिवाय ती रजेवर असताना कोण हेही ठरवा. त्यांनी खुर्चीचा सराव आधी रिकामी ठेवून करायचा, मग आपल्यापैकीच एकाला बसवून. माझी बॅटरीवरची खुर्ची तर चार जणांनाही जिन्यावरून झेपत नाही; ती वरच राहणार आणि खाली मला दुसरी खुर्ची लागणार, हेही आम्ही लिहून ठेवलंय.

खाली नेणं शक्य नसेल, तर आगरोधक दाराआडच्या जिन्याच्या सुरक्षित जागेत थांबायचं असतं, सोबत माणूस हवा, आणि खाली अग्निशमन दलाला "अमुक मजल्यावर, अमुक जिन्यात दोघं आहेत" हे सांगणारं कोणीतरी नेमलेलं हवं. हा निरोप पोचला नाही तर तिथे थांबण्याला काही अर्थ नाही.

आणि कृपा करून त्याला ड्रिलमधून सूट देऊ नका. मला वर्षानुवर्षं सूट मिळत होती. त्याचा अर्थ एवढाच, की खऱ्या दिवशी माझं काय करायचं ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

प्रथमोपचार_पेटी:

आगीपेक्षा ऑफिसात माणूस कोसळण्याची वेळ जास्त येते, तेवढ्यापुरतं लिहिते. हृदय अचानक बंद पडलं, तर काहीच न करता गेलेल्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० या गतीने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबत राहायचं आणि दुसऱ्याने एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) आणायला पळायचं. ते यंत्र कुठे आहे हे मजल्यावरच्या प्रत्येकाला माहीत हवं. एक माणूस गेटवर रुग्णवाहिकेची वाट बघत उभा राहावा आणि एकाने लिफ्ट खाली अडवून धरावी (इथे लिफ्ट चालते, आगीत नाही). डेस्कवरच्या फोनवरून बाहेर फोन लावताना आधी एखादा आकडा दाबावा लागतो का, तेही बघून ठेवा.

तिसरी_रांग:

आमच्याकडे ड्रिलची तारीख आठवडाभर आधी सांगतात. त्या दिवशी निम्मे लोक घरूनच काम करतात. अशा ड्रिलचा उपयोग काय?

जिन्याकडे_चला:

पहिली ड्रिल सांगून घ्यावी, म्हणजे लोक वाट शिकतात. पुढची न सांगता, आणि एक जिना बंद ठेवून. नेहमीच्या वाटेवर एक माणूस "इथे धूर आहे" असा फलक धरून उभा करा. बहुतेक लोक ज्या दाराने रोज येतात त्याच दाराकडे धावतात, दुसरा जिना त्यांनी कधी पाहिलेलाच नसतो.

घरून काम करणाऱ्यांचा मुद्दा खाली हजेरी घेताना फार अडचणीचा ठरतो. कोण आलंच नव्हतं आणि कोण वर अडकलंय, हे कळायला हवं. रोजची यादी रिसेप्शनवर छापील असावी, पाहुण्यांसकट. कॉम्प्युटरमधली यादी वरच राहते.

पाचवा_मजला:

सगळ्यांचे मनापासून आभार. चाकांवर ताई, तुमचा प्रतिसाद वाचून आज सहकाऱ्याशी बोलले. त्याने स्वतःच सांगितलं, की त्याला पाठीमागून आधार चालतो, पायांना हात लावलेला चालत नाही. दोघं जण त्याच्यासोबत सराव करायला तयार झालेत. जिना उतरवायची खुर्ची मात्र आमच्याकडे नाही, लेखी मागणी दिली आहे. रांगेतली माणसं ठरली. विभागप्रमुखांची वेळ उद्याची मिळाली आहे.

एक राहिलं: आमच्या मजल्यावर दुसऱ्या कंपनीचेही लोक बसतात आणि जिना एकच वापरतो. त्यांचा वॉर्डन वेगळा. त्यांच्याशी काय काय ठरवून घ्यावं?

जिन्याकडे_चला:

कोण कोणत्या दाराने जिन्यात शिरणार, स्वच्छतागृहं कोण तपासणार, आणि खाली दोन्ही याद्या कोणाच्या हातात जाणार. एवढं ठरवा आणि पुढची ड्रिल एकत्र घ्या.