कोलॉन ट्रान्झिट स्टडी: मार्कर कधी द्यायचे, फिल्म कधी काढायची?

रेसिडेंट_मेडिसिन
जुनाट बद्धकोष्ठतेचे बरेच रुग्ण ओपीडीत येतात. कोलोनोस्कोपी, थायरॉइड, कॅल्शियम सगळं नॉर्मल, तरी इसबगोल आणि पीईजी या रेचकांनी फरक नाही. अशांसाठी मार्कर कॅप्सूलची तपासणी (एक्स-रेवर दिसणारे छोटे तुकडे गिळायला देऊन कोलॉनमधून, म्हणजे मोठ्या आतड्यातून, ते किती वेळात पुढे जातात हे बघणं) सुरू करायची आहे. कुणी पाचव्या दिवशी एकच एक्स-रे सांगतं, कुणी तीन दिवस कॅप्सूल द्यायला सांगतं. आपल्या रुग्णांसाठी काय धरावं? स्मार्टपिल (आतड्यातून मोजमापं बाहेर पाठवणारी कॅप्सूल) मागवावी का?

आंत्रगती
एका फिल्मची पद्धत सोपी आहे. २४ मार्करची एक कॅप्सूल द्या आणि १२० तासांनी पोटाचा एक्स-रे काढा. ६ किंवा जास्त मार्कर उरले तर गती मंद. पण यातून फक्त हो किंवा नाही एवढंच कळतं.

पुढे जायला किती तास लागतात ते हवं असेल तर मेटकाफची पद्धत घ्या. सलग तीन दिवस ठरलेल्या वेळी २४-२४ मार्कर, चौथ्या दिवशी त्याच वेळी फिल्म, बरेच उरले असतील तर सातव्या दिवशी दुसरी. दोन्ही फिल्मवरच्या मार्करची बेरीज म्हणजेच तास, कारण २४ तासांमागे २४ मार्कर दिलेत. चौथ्या दिवशी ४१ आणि सातव्या दिवशी ६ दिसले तर ४७ तास, म्हणजे नॉर्मल. साधारण ७०च्या वर गेलं की मंद. एक कॅप्सूल संध्याकाळी घेतली गेली तर या बेरजेला अर्थ उरत नाही.

आपल्याकडची खरी अडचण पुढेच आहे. भारतीयांच्या आतड्याची गती पाश्चात्त्यांपेक्षा जलद. ७२ तासांनी निरोगी माणसाच्या पोटात मोजण्यासारखं फारसं उरत नाही, आणि तिकडची सीमा लावली की मंद गतीचे रुग्ण नॉर्मलमध्ये जातात. म्हणून लखनौच्या एसजीपीजीआय या वैद्यकीय संस्थेने आखूड पद्धत बसवली: ०, १२ आणि २४ तासांना २०-२० मार्कर, ३६ आणि ६० तासांना फिल्म. ३६ तासांना ३० किंवा जास्त, ६० तासांना १४ किंवा जास्त उरले तर मंद. मी हीच सुचवेन.

क्षकिरण_टेक्निशियन
फिल्म डायाफ्रामपासून प्युबिक सिम्फिसिसपर्यंत (ओटीपोटाखाली पुढच्या हाडांचा सांधा) पूर्ण हवी. खालची कड कापली की गुदाशयातले मार्कर मोजणीतून जातात, आणि नेमके तेच महत्त्वाचे असतात. कटिभागातले फ्लेबोलिथ (शिरांमधले कॅल्शियमचे खडे) गोल आणि मधे फिकट असतात, ते कड्यांच्या आकाराच्या मार्करसारखे दिसतात. शंका आली तर कॅप्सूल देण्याआधीच्या फिल्मशी ताडून बघा. अलीकडे दुसऱ्या तपासणीसाठी बेरियम (एक्स-रेवर पांढरं दिसणारं द्रव्य) दिलेलं असेल तर ते पूर्ण निघेपर्यंत थांबा. बाळंतपणाच्या वयातल्या बाईंना पाळीची तारीख विचारल्याशिवाय टेबलवर घेऊ नका.

मार्कर स्वतः कापणार असाल तर संपूर्ण भिंत रेडिओओपेक (एक्स-रेवर दिसणारी) असलेली नळी घ्या. नुसती एक रेषा असलेल्या नळीचे तुकडे मणक्यावर दिसत नाहीत. तीन वेळा द्यायचे तर तीन आकार ठेवा, म्हणजे कुठल्या खेपेचे अडकले ते कळतं.

पोटविकार_ओपीडी
औषधांची चौकशी नीट करा. "जुलाब घेता का?" असं विचारलं की लोक नाही म्हणतात, आणि रात्री त्रिफळा किंवा सोनामुखीचं चूर्ण चालूच असतं. नाव घेऊन विचारा. रेचक, एनिमा, सपोझिटरी किमान ४८ तास आधीपासून शेवटच्या फिल्मपर्यंत बंद. ओपिऑइड, अँटिकोलिनर्जिक आणि व्हेरापामिल गती मंदावतात, शक्य असेल तर तीही थांबवा. जिलेटिनची कॅप्सूल प्राणिज असते. शाकाहारी माणसाला आधी सांगा, एचपीएमसीची (वनस्पतिजन्य) रिकामी कॅप्सूल मिळते.

आणि मार्कर कुठे उरलेत तेही लिहा. सगळीकडे विखुरलेले असतील तर कोलॉन मंद. रेक्टोसिग्मॉइडमध्येच (कोलॉनचा शेवटचा भाग आणि गुदाशय) ढीग असेल तर शौचाच्या वेळी गुदद्वाराचे स्नायू सैल होत नसावेत. मात्र असा अडथळा वरच्या कोलॉनलाही मंदावतो, त्यामुळे नुसत्या फिल्मवर निदान करू नका. मॅनोमेट्री (गुदद्वारातला दाब मोजणं) आणि बलून एक्सपल्शन (गुदाशयातला फुगा बाहेर टाकायला लावणं) करा. ५० मिलि पाण्याने भरलेला फुगा साधारण एका मिनिटात बाहेर आला पाहिजे. हा दोष सापडला तर आधी बायोफीडबॅक (स्नायू सैल सोडायचं प्रशिक्षण) द्या, नंतर गरज पडल्यास ट्रान्झिट पुन्हा मोजा.

आंत्रगती
स्मार्टपिलचं राहिलं. ती पीएच, दाब आणि तापमान पाठवायची. जठरातून बाहेर पडताना पीएच झटकन चढतो आणि लहान आतड्यातून मोठ्यात जाताना उतरतो, यावरून प्रत्येक भागाचे तास वेगळे मिळायचे. तिचं उत्पादन आता बंद झालंय, त्यामुळे मागवण्याचा प्रश्नच नाही.

रेसिडेंट_मेडिसिन
आभारी आहे. ० तासाची कॅप्सूल सकाळी ८ ला दिली तर फिल्म दुसऱ्या दिवशी रात्री ८ ला आणि तिसऱ्या दिवशी रात्री ८ ला येतात. आमच्याकडे रात्री एक्स-रे फक्त कॅज्युअल्टीचा (तातडीच्या रुग्णांचा) होतो.

क्षकिरण_टेक्निशियन
मग पहिली रात्री ८ ला द्या. पुढच्या दोन सकाळी ८ आणि रात्री ८ ला, आणि दोन्ही फिल्म सकाळी ८ ला येतील. रुग्णाला वेळा कागदावर लिहून द्या आणि रिकामी पाकिटं परत आणायला सांगा.