ब्रिटल स्टार म्हणजे स्टारफिश नव्हे

दादा, तुम्ही लिहिलंय की ब्रिटल स्टार हा समुद्री प्राणी म्हणजे बारीक हातांचा स्टारफिशच. दोघं कंटकचर्मी, म्हणजे काटेरी कातडीच्या समुद्री प्राण्यांच्या गटातले, हे खरं. पण आतली रचना फार वेगळी. आमच्या जळगावकडे समुद्र कुठला! कॉलेजच्या प्रयोगशाळेत बरणीतला नमुना भिंगाखाली धरला, तेव्हा मला ते कळलं. हात म्हणजे हुबेहूब सायकलची चेन. आत चुनखडीचे मणके एकापुढे एक सांध्यांनी जोडलेले, वरून तबकड्यांचं चिलखत. म्हणून हा प्राणी चालायला नलिकापादांवर (हातांखालच्या नळीसारख्या बारीक पायांवर) विसंबत नाही, हात वल्ह्यासारखे मारत सरकतो. स्टारफिशचं पचनसंस्थेचं जाळं हातांत शिरतं. ब्रिटल स्टारचं पोट मधल्या चकतीतच संपतं. गुदद्वार नाहीच. खाली पाच जबड्यांचं तोंड, उरलेलंही तिथूनच बाहेर. हातांच्या बुडाशी फटी असतात, त्यांतून पाणी आत जाऊन श्वसन होतं.

खोल समुद्रातल्या ऑफिओम्यूसियम लायमनी या ब्रिटल स्टारच्या जातीत हातांच्या बाजूच्या तबकड्या वर-खाली एकमेकींना भिडतात आणि नलिकापादांची छिद्रं बुडाजवळच्या मोजक्या सांध्यांपुरतीच उरतात. मला तर हाच भाग सगळ्यात विलक्षण वाटतो.