गॅसच्या भडक्यात आई भाजली, भरपाई कुठं मागायची? (मिरज)

मिरजेची_लेक:
गेल्या महिन्यात पहाटे आई चहा ठेवायला गेली आणि भडका उडाला. दोन्ही हात, गळा भाजला. बांगड्या दवाखान्यात कापून काढल्या. १ लाख ४० हजार खर्च झाला, अजून उजवी मूठ वळत नाही. कनेक्शन वडिलांच्या नावावर आहे, ते तीन वर्षांपूर्वी गेले. एजन्सीचा माणूस म्हणतो, २० हजार घ्या आणि 'तक्रार नाही' असं लिहून द्या. वकिलाला ५ हजारांच्या वर देणं जमणार नाही. काय करू?

कृष्णाकाठ:
ताई, सही करू नका. आमचा वकील २५ हजार घेतो, पण भावाच्या अपघाताचे पैसे त्यानंच काढून दिले. इथं पैशाकडं बघू नका.

हळदवाला:
मी चार वर्षं तारखांना गेलोय. वर १० हजार मागा आणि मोकळं व्हा.

विटेकर:
भाजल्यावर लगेच टूथपेस्ट लावायची. आमच्या आजीचा हात तसाच बरा झाला.

तासगावची_सिस्टर:
कृपा करून हे कुणाला सांगू नका. साधं वाहतं पाणी, २० मिनिटं, बस. चिकटलेली पेस्ट काढताना माणूस कसा ओरडतो ते मी वॉर्डात ऐकलंय. ताई, मुठीचा व्यायाम एक दिवसही चुकवू नका. पुढं ऑपरेशन लागलं तर आधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (योजनेचा मदतनीस) भेटा, सरकारच्या महात्मा फुले योजनेत ५ लाखांपर्यंत उपचार होतात.

जुना_फिटर:
एजन्सीत २२ वर्षं काढली म्हणून सांगतो. तेल कंपन्यांनी विमा काढलेला असतो, आपल्याला वेगळा हप्ता नसतो. आग गॅसमुळं लागलेली असली पाहिजे. दवाखान्याच्या खर्चाला माणशी २ लाखांपर्यंत, मृत्यू झाला तर ६ लाख. भाजलेल्या माणसाच्याच नावावर कनेक्शन पाहिजे असं नाही, आईचा अर्ज चालतो. एजन्सीला लेखी द्या, पोच घ्या. पोलिसांचा पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, मूळ बिलं लागतील. नळी-रेग्युलेटर कुणाच्या हातात देऊ नका!

मिरजेची_लेक:
रेग्युलेटर त्यांनी त्याच दिवशी नेला. नळी माझ्याकडं आहे. रेग्युलेटरजवळ उंदरानं कुरतडलीय, दातांच्या खुणा दिसतात.

आष्टेकर:
मग चूक तुमचीच. नळी पाच वर्षांनी बदलायची असते.

जुना_फिटर:
आणि पाच वर्षांनी घरी येऊन तपासणी कुणी करायची असते? ताई, शेवटची तपासणी कधी झाली त्याचा कागद शोधा. रेग्युलेटर नेल्याचंही अर्जात लिहा.

कृष्णाकाठ:
मी पहिल्यांदाच सांगितलं, सही नको.

ग्राहकहक्क:
विम्यातून दवाखान्याचा खर्च निघेल. वेदना, व्रण, बुडालेली मजुरी याचं वेगळं मागायचं तर सांगलीचा जिल्हा ग्राहक आयोग. मुदत २ वर्षं. २०१९ च्या ग्राहक कायद्यात फी ठरवताना आपण मोजलेली किंमत बघतात, मागितलेली भरपाई नाही. ५ लाखांपर्यंत फी नाही, म्हणजे सिलेंडरच्या किमतीवर काहीच नाही. बाईमाणसाला उत्पन्न न बघता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. ५ हजारही जपून ठेवा.

हळदवाला:
आयोगातही तारखाच पडतात. ३० हजार घ्या.

मिरजेची_लेक:
सगळ्यांचे आभार. काल एजन्सीत लेखी अर्ज दिला, पोच घेतली. २० हजार नाकारले. विम्याचं मी स्वतः बघते. आयोगात मात्र जाणार नाही, मोफत वकील मिळाला तरी. आई म्हणाली, "चार माणसांपुढं मला हात दाखवायचे नाहीत." रोज पट्टी बदलताना ती भिंतीकडं तोंड करून बसते, मी तिला परत विचारणार नाही.

ग्राहकहक्क:
ताई, दोन वर्षं आहेत. नळी तेवढी टाकू नका.

मिरजेची_लेक:
पिठाच्या रिकाम्या डब्यात ठेवलीय, बिलांबरोबर. सिस्टर, आज आईनं पहिल्यांदा दोन बोटांत चमचा धरला.