सोडियम ११८, तरी सरबत नको?

ए-४०२: सासूबाईंना काल रात्री ॲडमिट केलं. आधी नुसती मळमळ होती, संध्याकाळी मला त्यांच्या बहिणीच्या नावाने हाका मारायला लागल्या. सोडियम ११८.

बी-१०१: अगं बाई! बीपीसाठी मीठ अगदीच तोडलं असणार. मीठ घालून लिंबू सरबत दे.

सी-२०३ डॉक्टर: काकू, सरबत नको. नॉर्मल १३५ ते १४५. पण हा आकडा रक्तातल्या पाण्याच्या हिशेबात असतो. वरणात मीठ तेवढंच, पाणी जास्त पडलं तर अळणीच लागणार ना? बहुतेक वेळा घोळ पाण्याचा असतो.

रक्त घट्ट झालं की मेंदूतून एडीएच नावाचं हार्मोन सुटतं आणि किडनी पाणी राखून ठेवते. पातळ झालं की एडीएच थांबतं, जादा पाणी लघवीवाटे जातं. पण न्यूमोनिया, मळमळ, ऑपरेशन, डिप्रेशनच्या किंवा फिटच्या काही गोळ्या, यांत रक्त पातळ असूनही एडीएच सुटतच राहतं. बीपीची गोळी कोणती चालू आहे?

ए-४०२: हायड्रोक्लोरोथायझाइड, गेल्या महिन्यात सुरू केली. जेवण म्हणाल तर चहा-खारी. आणि ग्रुपवरचं वाचून पाणी मात्र बाटल्याच्या बाटल्या.

डॉक्टर: मग संशय तिथेच. त्या गोळीने लघवीतून सोडियम जातं आणि किडनीला लघवी पातळ करता येत नाही. पोटात मीठ-प्रथिनं नसली की पाणी बाहेर टाकणं आणखी अवघड. गोळी कोणी आपल्या मनाने बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

डी-५०१: मग सलाईन लावून आजच्या आज भरून का काढत नाहीत? बिल वाढवायचं, दुसरं काय!

डॉक्टर: तीन टक्क्यांचं सलाईन देतात, पण फार जपून. सोडियम एकदम चढलं तर मेंदूतल्या मज्जातंतूंचं आवरण जातं. चोवीस तासांत साधारण ८ आकड्यांपेक्षा जास्त वाढवत नाहीत, म्हणून तर सारखं रक्त काढतात.

बी-१०१: म्हणजे पाणी कमी प्यायचं?

डॉक्टर: तहान लागेल तसं. जुलाब-उलट्यांत ओआरएस. हार्टचे, लिव्हरचे पेशंट असतील तर त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच.

बी-१०१: बरं. डबा पाठवते गं.

ए-४०२: आयसीयूत चालत नाही काकू. घरी बाबा एकटे आहेत, त्यांना द्याल? त्यांनाही हीच गोळी आहे.

डॉक्टर: मग उद्या त्यांचंही सोडियम करून घ्या. उपाशीपोटी लागत नाही.